सिंदखेडराजाची गढी
सुलतानपूरहून बीबी, दुसरबीड ओलांडून पश्चिमेस गेल्यावर सिंदखेडराजा लागते, आणि तेथे लखुजीराव जाधवांचा तो राजवाडा उभा आहे, ज्यात 12 जानेवारी 1598 रोजी जिजाबाईंचा जन्म झाल्याचे मानले जाते. वाडा म्हटला तरी त्याची ठेवण गढीची, म्हणजे राहते घर आणि बचावाचा कोट एकाच तटात बसविणारी असून, दगडी महाद्वारातून आत शिरणाऱ्यास त्या घराण्याचा दबदबा आजही जाणवतो. हा दबदबा निजामशाहीच्या चाकरीतून आला होता. परंतु 1629 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात दरबारी बोलावून लखुजीरावांना त्यांच्या मुलांसह ठार करण्यात आले, तेव्हा जाड भिंती धन्याच्या दगाबाजीपुढे निरुपयोगी ठरल्या. जवळच्याच रंगमहालात रंगपंचमीच्या दिवशी शहाजी व जिजाबाई यांची सोयरीक ठरल्याची कथा सांगितली जाते, मात्र तिचा आधार कागदपत्रांपेक्षा बखरींचा अधिक आहे. पुढे 1757 मध्ये हैदराबादच्या निजामाच्या बाजूने लढणारे याच घराण्यातील रामचंद्र जाधव येथेच मराठ्यांच्या वेढ्यात सापडले. जिजाबाईंच्या माहेरावर पेशव्यांच्या फौजा चालून याव्यात, हा योग विलक्षणच. वास्तू आता संरक्षित स्मारक आहे, आणि संरक्षण म्हणजे केवळ कुंपण व फलक नव्हे, कारण 2024 मध्ये गावातील लखुजीरावांच्या समाधीच्या जतनकामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीखाली शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती आढळली.