मंद आचेचा धडा

वाचकहो, सरकारी शाळेचा मुख्याध्यापक पाककृतीवर लेखणी चालवू लागला, हे पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. आम्हांसही वाटते. तीस वर्षे आम्ही व्याकरण शिकविले. चुलीपुढे बसण्याचा योग क्वचितच आला. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठाणाकुशनूरच्या आमच्या घरी असा एक प्रसंग घडला की, तो या पानावर मांडल्यावाचून राहवेना.

आमचे धाकटे चिरंजीव हैदराबादेस हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतात. पी.यू.सी.ला विज्ञानात उत्तम गुण मिळवून मुलाने अभियांत्रिकी सोडावी आणि परक्यांच्या पानात वाढण्याची विद्या शिकावी, हे आमच्या पचनी पडले नव्हते. गावात कोणी विचारले, तर ‘हैदराबादेस शिकतो आहे’ एवढे सांगून आम्ही विषय बदलीत असू. वर्षभर बापलेकांत ख्यालीखुशालीपलीकडे शब्द गेला नव्हता.

या खेपेस चिरंजीवांनी पिशवीतून पाव आणि चीज काढले व आज संध्याकाळी ‘ग्रिल्ड चीज सँडविच’ करीन म्हणून जाहीर केले. आम्ही तत्काळ उद्गारलो, “पावात चीज घालून भाजावयाचे, यात कॉलेजात जाऊन शिकण्याजोगे काय आहे? आम्हीच करून दाखवितो.” सौभाग्यवतींनी काही न बोलता तवा पुढे केला.

गॅस मोठा करून आम्ही तवा तापविला, लोणी सोडले आणि सँडविच ठेविले. दोनच मिनिटांत घरभर धूर झाला. पाव बाहेरून कोळशासारखा, आणि आतील चीज मात्र जसेच्या तसे थंड! बाजेवरून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, जाळ कमी कर की. वरून करपायलंय, आत कच्चंच हाय.” त्यांच्या डोळ्यांना आता फारसे दिसत नाही, त्यांनी केवळ वासावरून निकाल दिला.

चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी तवा पुसला, आच अगदी बारीक केली आणि शांतपणे आम्हांस समजावू लागले. पावाला जो खमंग तांबूस रंग येतो, तो पिठातील साखर व प्रथिने यांच्या संयोगाने. लुई मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. पाव ओला आहे तोवर त्याचे तापमान शंभर अंशांवर फारसे चढत नाही, म्हणून आधी वरचे पाणी उडावे लागते. चीज वितळावयास मात्र साठ-सत्तर अंश पुरतात; परंतु ती ऊब पावातून आत पोहोचावयास वेळ हवा. आच मोठी असली, की रंग धावत येतो आणि ऊब मागे राहते.

“मग घरचे पनीर का घालू नये?” आम्ही विचारले. उत्तर आले की, पनीर उकळत्या दुधात आंबट घालून फाडलेले असते. ते कितीही तापविले तरी वितळत नाही. चीज विरजण व रेनेट यांनी बांधतात, म्हणून त्यातील प्रथिनांचे धागे उष्णतेने सैल होऊन ताणले जातात. डब्यातले प्रक्रिया केलेले चीज स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली प्रथम सिद्ध झाले. त्यात क्षार असल्यामुळे तूप वेगळे सुटत नाही. रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून घेत, हे ऐकून मातोश्री दचकल्या. नातवाने डब्यावरील हिरवा ठिपका त्यांच्या डोळ्यांजवळ नेऊन दाखविला व हे रेनेट सूक्ष्म जीवांपासून केलेले असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

ओघात आणंदचा विषय निघाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असता हरिचंद दलाया यांनी ती तेथे करून दाखविली, हे आम्हीच मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यावर चिरंजीव मान वर न करता म्हणाले, “बाबा, १९४९ साली आणंदला आलेले कुरियनही अभियंतेच होते. त्यांचेही आयुष्य दुधातच गेले.” आम्ही निरुत्तर झालो. तवा मात्र बोलत होता.

आता कृती सांगतो. पावाचे दोन जाडसर काप घ्यावेत. बाहेरील बाजूस लोण्याऐवजी साजूक तूप पातळ लावावे. ही सूचना मातोश्रींची. लोण्यात पाणी व दुधाचा अंश असतो, तो लवकर करपतो. तुपात ती भीती नाही. आत किसलेले चीज मूठभर पसरावे. टोमॅटो-कांद्याचे पाणी सुटून पाव लिबलिबीत होतो, म्हणून त्यांच्याऐवजी चमचाभर कारळाची कोरडी चटणी भुरभुरावी; हीदेखील मातोश्रींचीच भर. जाड तवा मंद आचेवर ठेवून त्यावर सँडविच ठेवावे आणि पहिली दोन मिनिटे झाकण घालावे, म्हणजे ऊब आत शिरते. पुढे झाकण काढून खालची बाजू सोनेरी होईतो धीर धरावा, मग उलटावे. वर लहान ताटली ठेवून तीवर अर्धा भरलेला तांब्या ठेवावा; दाब हलका असावा, नाहीतर चीज बाहेर पळते. उतरविल्यावर मिनिटभर थांबून मगच कापावे.

कापले तेव्हा चीजची तार लांबली. पहिला घास नातवाने आजीस भरविला. ज्वारीच्या भाकरीवर ऐंशी वर्षे काढलेल्या त्या माउलीने दात नसलेल्या तोंडात तो बराच वेळ घोळविला आणि विचारले, “आनिक हाय का?” चिरंजीवांचा चेहरा त्या वेळी जसा उजळला, तसा बारावीच्या निकालाच्या दिवशीही उजळला नव्हता, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

रात्री आम्ही बराच वेळ जागे होतो. मुलाच्या निवडीवर वर्षभर आम्ही जी आच लावली होती, तिने वरचेवर करपण्यापलीकडे काय साधले, हा प्रश्न आम्हांस झोपू देईना. त्याने मात्र आमच्या काळ्या ठिक्कर पावाबद्दल एक अक्षरही काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर एका परिचितांनी विचारले, “धाकटे काय करतात?” आम्ही विषय बदलला नाही. “हॉटेल व्यवस्थापन शिकतो,” आम्ही म्हणालो, “आणि काल आम्हांलाही शिकविले.” पिशवी सावरीत शेजारी उभे असलेले चिरंजीव रस्त्याकडे पाहत होते, परंतु त्यांनी ते ऐकले असावे. बस आली तेव्हा त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “बाबा, पुढच्या वेळी तवा तुम्हीच धरा. आच मी पाहतो.”