गॅस गीझर बाथरूमबाहेर काढा, पाहुणे येण्याआधी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आरोग्याच्या सल्ल्यांचा पाऊस पडतो. केक बेताने खा, एमजी रोडच्या गर्दीत तान्ह्या मुलांना नेऊ नका, थर्टी फर्स्टला पिऊन गाडी चालवू नका. सगळं बरोबर आहे, मीही हेच सांगतो. पण पुण्यातल्या कितीतरी घरांत या सुट्टीतली सर्वांत धोक्याची जागा बाथरूम असते, आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आज जरा रागावूनच लिहितोय.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवणं ही चूक आहे, आणि ती खिडकी, एक्झॉस्ट फॅन किंवा "आम्ही काळजी घेतो" यांपैकी कशानेही दुरुस्त होत नाही.

नाताळच्या सुट्टीचा याच्याशी काय संबंध? एरवी घरात तीन-चार माणसं असतात, अंघोळी वेगवेगळ्या वेळी होतात. सुट्टीत मावशी येते, मामेभावंडं येतात. पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, म्हणून खिडकीच्या काचा लावलेल्या असतात. कुठेतरी फिरायला निघायचं असतं, म्हणून सकाळी एकामागून एक सात-आठ अंघोळी. मधे दार उघडून हवा खेळायला वेळच मिळत नाही. ज्याचा नंबर चौथा-पाचवा, तो आधीच्या सगळ्यांनी वापरलेल्या हवेत कडी लावून उभा राहतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सत्तावीस डिसेंबरला दहावीतल्या एका मुलीला दवाखान्यात आणलं. मामाकडे सुट्टीला आली होती. बाथरूममधून बादली पडल्याचा आवाज आला, हाका मारून उत्तर नाही, मामाने दार तोडलं. माझ्याकडे पोहोचेपर्यंत ती शुद्धीवर आली होती. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत होती. नाडी थोडी जलद, रक्तदाब ठीक, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८. रिकाम्या पोटी गरम पाण्याने अंघोळ केली, चक्कर आली असेल, असं म्हणून मी तिला मीठ-साखरेचं पाणी आणि उलटीची गोळी देऊन घरी पाठवलं. गीझर कोणता आहे, कुठे आहे, हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच घरातला धाकटा मुलगा डोकं धरून आला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी वाचली. पण पुढचे दोन महिने वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणून रडत होती, पूर्वपरीक्षा तशीच गेली. ती चूक माझी होती.

आता आत काय घडतं ते बघा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या तीन-चार पट गॅस जाळतो. पाच बाय सातच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये साधारण २८० घनफूट हवा असते. ढोबळ हिशोब केला तर वीस मिनिटं चाललेल्या गीझरला त्यातली निम्मी हवा लागते. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. "गॅस लीक झाला तर वास येईल की," असं लोक म्हणतात. तो वास सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि जळताना ते रसायनही जळून जातं. म्हणजे गळती शून्य, वास शून्य, आणि माणूस तरी खाली पडलेला. पाइपचा गॅस असला तरी यात काही फरक पडत नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर दोघांतला फरक ओळखू शकत नाही. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी घेतलेलं ते यंत्र ९८, ९९ दाखवत राहतं आणि मेंदू उपाशी असतो. मी फसलो तो इथेच. गर्भवती बाईच्या पोटातल्या बाळाला तर आईपेक्षा जास्त धोका, कारण त्याच्या रक्तातून हा वायू आणखी सावकाश बाहेर पडतो.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची मुलगी अंघोळीला गेली, बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांनी दगावली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तिथेही संशय गॅस गीझरवरच होता. अशा वेळी बातमीचा मथळा असतो, "गॅस गीझरने घेतला बळी". जणू तो स्वतः चालत येऊन भिंतीवर चढून बसला होता! कोणीतरी तो तिथे बसवला, कोणीतरी भोक पाडून नळी घातली, कोणीतरी पैसे दिले.

सबबी मला पाठ झाल्या आहेत. "डॉक्टर, दहा वर्षं चालतोय, काही झालं नाही." दहा वर्षांत बर्नर काजळतो आणि ज्योत निळ्याची पिवळी होते, म्हणजे धोका वाढत जातो. "खिडकी आहे." आहे, पण डिसेंबरात ती बंद असते. "एक्झॉस्ट आहे." थंडी वाजते म्हणून लावत नाही, आणि लावला तरी दाराखालून हवा आत यायला फट नसेल तर तो ओढणार काय? "भाड्याचं घर आहे, मालक ऐकत नाही." मग वापरणं थांबवा आणि मालकाला लेखी कळवा. काही सोसायट्यांना दर्शनी भिंतीवर नळी दिसलेली चालत नाही, इमारतीची शोभा जाते म्हणे. आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब आठवा. त्याला धुराडं होतं, आणि बहुतेक वाड्यांत तो अंगणात किंवा मागच्या पडवीत पेटायचा. त्यांना रसायनशास्त्र शिकवायला कोणी गेलं नव्हतं.

गीझर उघड्या ड्राय बाल्कनीत न्या, आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ द्या. बंदिस्त डक्टमध्ये मात्र नको, तिथला धूर झडपांतून परत आत येतो. या आठवड्यात प्लंबर मिळणार नसेल तर तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला जा. चालू गीझरखाली शॉवर घेऊ नका. आतून कडी नको, दार नुसतं लोटा. पाहुण्यांनाही हे सांगा, संकोच करू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनाही हाच नियम, तिथे तर झोपेतच सगळं संपतं.

कोणी आत पडलंच तर कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. दार उघडा, श्वास रोखून आत जा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. श्वास चालू नसेल आणि येत असेल तर सीपीआर द्या. कोणीतरी १०८ ला फोन लावा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण प्राणवायू दिला तर तास-दीड तास.

आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "घरात गॅस गीझर आहे आणि हा बाथरूममध्ये पडला." कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी करता का, असं सरळ विचारा. हे वाक्य न सांगितल्यामुळे, आणि आम्ही न विचारल्यामुळे, काही जणांच्या माथी फिट्सचा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी यावर लिहिलेलं आहे. ज्याला फिट फक्त बाथरूममध्ये, तीही फक्त थंडीतच येते, त्याने आपल्या डॉक्टरांना गीझरचा फोटो दाखवावा.