एका हाती अनुदान, दुसऱ्या हाती कात्री

सरकारने एखाद्या कार्यास उत्तेजन द्यावे, नागरिकांनी त्या शब्दावर विसंबून पदरचा पैसा घालावा, आणि तो घालून झाल्यावर सरकारच्याच मालकीच्या कंपनीने व्यवहाराच्या अटी बदलून मागाव्यात, या प्रकारास सचोटी म्हणता येणार नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनीने, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या महावितरणने, छतावरील सौर विजेच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जे धोरण ठेविले आहे ते याच मासल्याचे आहे.

कर्वेनगरासारख्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी नाही. 1900 साली अण्णासाहेब कर्वे यांनी हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडी घातली तेव्हा तेथे ऊन आणि खडक यांवाचून फारसे काही नव्हते. आज माळ गेला, गच्च्या आल्या; ऊन तेवढेच आहे. त्या उन्हाची वीज करा असा आग्रह केंद्र सरकारने धरला. 13 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली. देशातील एक कोटी घरे, 75 हजार कोटी रुपयांचा खर्च, आणि तीन किलोवॅटच्या संचास 78 हजार रुपयांचे अनुदान, असा तिचा पसारा. या राज्यात ती घरोघर नेण्याचे काम महावितरणकडेच आले. अनुदान वजा जाता उरणारी रक्कमही लहान नसते. निवृत्तिवेतनावर जगणारा गृहस्थ ती ठेव मोडून भरतो, आणि गृहनिर्माण संस्था वर्षानुवर्षे साठविलेल्या निधीला हात घालते. तो हिशेब ‘नेट मीटरिंग’ या एकाच गोष्टीवर उभा असतो. दिवसा गच्चीवर झालेली जादा वीज कंपनीच्या तारांत सोडावयाची, रात्री तितकीच परत घ्यावयाची आणि फरकाचेच पैसे भरावयाचे, असा हा साधा सौदा आहे.

महावितरणने 2025-26 पासूनच्या पाच वर्षांच्या दरांसाठी राज्य वीज नियामक आयोगापुढे जी याचिका केली तिने या सौद्याच्या मुळाशीच घाव घातला. सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत तयार झालेली वीज त्याच वेळेतील वापरापोटी वळती करावी, सायंकाळच्या वापराशी तिचा संबंध ठेवू नये, असा तो प्रस्ताव होता. ज्या घरातील नवराबायको सकाळी नऊला कामावर निघतात आणि दिवे लावण्याच्या सुमारास परततात, त्या घराने नऊ ते पाच विजेचे काय करावे? आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते याहून निराळे नसावे. ग्राहकसंघटनांनी सुनावणीत कडाडून विरोध केला. आयोगाने 28 मार्च रोजी दरांचा आदेश दिला. कंपनीच्या अर्जावरून त्यास अवघ्या काही दिवसांत स्थगिती मिळाली, 25 जून रोजी फेरविचाराचा नवा आदेश निघाला, आणि दरांचे हे प्रकरण न्यायालयाच्या दारी गेले. त्या कज्जाची उजळणी आम्ही येथे करीत नाही. आमचा आक्षेप प्रस्तावकर्त्याच्या वृत्तीवर आहे.

ही वृत्ती नवी नाही. 2019 च्या दरयाचिकेत याच कंपनीने छतावरील सौर ग्राहकांवर ‘ग्रिड सपोर्ट’ नावाचा आकार बसविण्याची मागणी केली होती. राज्यातील अशी क्षमता 2,000 मेगावॅट होईपर्यंत तो आकार घेऊ नये असे आयोगाने ठरविले. त्याच वर्षी नेट मीटरिंगच संकुचित करणारा नियमांचा मसुदा पुढे आला. लोकांनी ओरड केली म्हणून अखेरच्या नियमांत ती सोय टिकली. 2022 पर्यंत छतांवरून 40 हजार मेगावॅट मिळविण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट कोठल्या कोठे राहिले. ते का राहिले, याचा शोध दिल्लीने राज्याराज्यांतील वितरण कंपन्यांच्या कचेऱ्यांतही घ्यावयास हवा होता.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जादा वीज वापरणाऱ्याकडून जादा दर घ्यावयाचा आणि त्यातून शेतकऱ्याचा व गरीब ग्राहकाचा दर खाली ठेवावयाचा, या पायावर तिचा जमाखर्च चालतो. सधन ग्राहक गच्चीवर वीज करू लागला की तो पाया खचतो, आणि तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च इतरांच्या डोक्यावर येतो. दुपारी विजेची रेलचेल आणि संध्याकाळी ओढाताण, ही अडचणही खरी आहे. ज्याला गच्ची नाही अशा चाळीतील भाडेकऱ्याने गच्चीवाल्याचा भार का वाहावा, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

परंतु मग ही गोष्ट लोकांपुढे उघड का मांडली जात नाही? जाहिरातीत सूर्याचे गुणगान आणि शेकडो पृष्ठांच्या याचिकेतील एखाद्या परिच्छेदात त्याच सूर्यावर जकात, असे दुतोंडी वर्तन कशासाठी? कंपनी राज्य शासनाच्या मालकीची आहे. 2025 च्या आरंभी या याचिकेवर सुनावणी चालू असता ऊर्जा खाते स्वतः मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होते. म्हणजे धोरण आखणारे आणि धोरणास हरकत घेणारे एकाच घरातले. खाजगी भांडवलदाराने सरकारी धोरणास पडद्याआडून विरोध केला तर आपण त्यास स्वार्थ म्हणतो. सरकारी कंपनीने तेच केले तर त्यास ‘तांत्रिक बाब’ म्हणावयाचे काय? याच महावितरणने 2024 साली अदानी समूहाशी 25 वर्षांचा करार केला. त्यात 5,000 मेगावॅट सौर विजेबरोबर सुमारे 1,500 मेगावॅट कोळशाची वीजही आहे. देशाने ग्लासगो येथे 2021 साली कर्बमुक्तीसाठी 2070 चे वचन दिले असता, पाव शतक चालणारा कोळशाचा करार कंपनीच्या हिशेबात बसतो आणि कर्वेनगरातील तीन किलोवॅटचा संच तेवढा जड होतो, हे चमत्कारिक आहे.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात 2015 च्या डिसेंबरात असाच प्रयोग झाला. तेथील नियामकांनी छतावरील विजेचे दर उतरविले आणि ज्यांनी आधीच संच बसविले होते त्यांनाही तेच दर लावले. लोकक्षोभ इतका उसळला की पुढील वर्षी जुन्या ग्राहकांच्या अटी पूर्ववत् कराव्या लागल्या. कॅलिफोर्नियानेही 2023 पासून नव्या ग्राहकांची सवलत मोठ्या प्रमाणात कापली, पण जुन्यांना वीस वर्षांची हमी कायम ठेविली. तेथील वीजकंपन्या काही परोपकारी नव्हेत. दिलेला शब्द मोडला तर पुढे कोणी पैसा घालणार नाही, एवढा व्यवहार तेथील नियामकांस कळला.

25 जुलै 2024 रोजी खडकवासल्याच्या विसर्गाने कर्वेनगरासमोरच्या तीरावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. एका पुरावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु अशा पावसाचा धोका तापत्या हवेबरोबर वाढतो, असे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत, आणि तो निवारण्यासाठी सामान्य माणसास करता येण्याजोग्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांत गच्चीवरील वीज ही एक आहे.

तेव्हा शासनाने मालक या नात्याने महावितरणला लेखी आदेश द्यावा. ज्यांनी संच बसविले त्यांच्या जोडणीच्या वेळच्या अटी निदान वीस वर्षे बदलू नयेत. नव्या ग्राहकांसाठी फेरबदल करावयाचा असल्यास त्याचा हिशेब सोप्या मराठीत, याचिका दाखल होण्यापूर्वी, बिलासोबत घरोघर धाडावा. आणि शेतकऱ्याच्या स्वस्त विजेची तूट भरून काढावयाची असेल तर ती अर्थसंकल्पात, विधिमंडळासमोर, नाव घालून मांडावी. सौर ग्राहकाच्या मीटरमधून ती हळूच काढून घेऊ नये.