२१ किलोमीटरचा हिशोब

ट्रान्सपोर्टेशनच्या सबमिशनला एका रस्त्याचा खर्च आणि फायदा मांडायचा होता. रूममेटने आपल्याकडचा घाट घेतला. मला नकाशे चाळायची खोड, म्हणून मी पार उत्तरेला गेलो. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातला आर्क्टिक बे ते नानिसिविक रस्ता. लांबी फक्त २१ किलोमीटर!

नुनावुत म्हणजे भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश क्षेत्रफळ आणि २५ गावं. पण एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात बोट. आर्क्टिक बे हे हजारभर वस्तीचं, मुख्यतः इनुइट लोकांचं गाव. जमीन बारमाही गोठलेली. ती खोदली की आतला बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. म्हणून तिकडे खोदाई टाळून वर खडीचा भराव घालतात.

१९७६ मध्ये नानिसिविकला शिसं-जस्ताची खाण सुरू झाली. धक्का, विमानतळ, वसाहत, सगळं आलं. २००२ मध्ये खाण बंद पडली आणि पुढे वसाहतही पाडली. मी शीटवर लिहून टाकलं, 'रस्त्याचं उपयुक्त आयुष्य समाप्त.'

व्हायवाला सरांनी एकच विचारलं, "गावातली माणसं कुठल्या रकान्यात धरलीस?" माझी बोलती बंद. खाण बंद झाल्यावरही कित्येक वर्षं गावच्या लोकांना विमान गाठायला याच रस्त्याने नानिसिविकला जावं लागे. माझ्या हिशोबात फक्त जस्ताचे टन होते.

पण लगेच भावूक व्हायचंही कारण नाही. रस्ता गावासाठी बांधलाच नव्हता. गावाला तो मिळाला तो खाणीमुळे. खाणीत ६० टक्के इनुइट कामगार घ्यायचं ठरलं होतं, तेही कधी साधलं नाही. गावाचं भलं असं ओघाने होऊन चालत नाही, ते ड्रॉइंगच्या पहिल्या शीटवर हवं. खाण संपल्यावर रस्ता, विमानतळ, घरं कुणाची, दुरुस्ती कोण करणार, हे पहिली खडी पडण्याआधीच ठरलं पाहिजे.

मित्रहो, उद्या कॅम्पसमधून आपल्यापैकी कितीतरी जण अशाच प्रोजेक्टवर जातील. तेव्हा एक्सेलमध्ये एक कॉलम जास्त टाका. मी तो टाकून शीट पुन्हा लिहिली. मार्क तेवढेच पडले, पण हिशोब जुळला.