पाकिटावरचा उन्हाळा

जानेवारीत गच्चीवरच्या दोन पसरट कुंड्यांतला लेट्यूस चौघांच्या घराला पुरून उरतो. होळी झाली की त्याच कुंडीत वेगळेच दृश्य दिसते. मधला कोंब हातभर वर सुटतो, पाने अरुंद होतात, देठ मोडला की पांढरा चीक येतो आणि पान तोंडात धरवत नाही इतके कडू लागते. काहीतरी कमी पडले असे समजून आपण पाणी वाढवतो, मूठभर खत घालतो. उपयोग होत नाही. पुढच्या वर्षी बियाण्याच्या दुकानात ‘उष्णता सहन करणारा’ असे छापलेले पाकीट दिसते आणि आपण ते जरा जास्त पैसे देऊन घेतो. या तीन शब्दांवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. गच्चीवर आणि गॅलरीत पालेभाजी लावणारी घरे वाढत आहेत आणि आपला उन्हाळाही सौम्य होताना दिसत नाही.

तो दावा खोटा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. इस्रायलमधून आलेला ‘जेरिको’ हा उभट पानांचा वाण, ‘बटाविया’ गटातले जाड, कुरकुरीत पानांचे वाण, ओकच्या पानासारखी कातरलेली पाने असलेला ‘सॅलड बाउल’ हे सारे नेहमीच्या गड्ड्याच्या लेट्यूसपेक्षा उशिरा फुलोऱ्यावर येतात आणि त्यांच्यात कडूपणाही उशिरा उतरतो. गड्डा न धरणारे, सुट्या पानांचे वाण घरच्या कुंडीला एरवीही सोयीचे, कारण गड्डा भरण्याची वाट न पाहता त्यांची पाने खुडता येतात. मात्र हे झाड मूळचे १५ ते २० अंश सेल्सिअसमध्ये रमणारे आहे. त्याच्यावर काम करणाऱ्या थंड मुलखांतल्या बागायतदाराला २७-२८ अंश हाच उन्हाळा वाटतो. आपल्याकडे सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांना पोचल्याशिवाय हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचारही करत नाही. पाकिटावरची उष्णता आणि चंद्रपूर-अकोल्याची उष्णता यांना एकच शब्द असला, तरी त्यांचा अर्थ एक नाही.

झाड असे का वागते, हे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. कांद्याला डेंगळे येतात, मुळा डिंगऱ्यांवर जातो, कोथिंबीर पाने सोडून फुलांच्या मागे लागते. लेट्यूसचे तसेच आहे, फक्त कारण उलटे. कांद्याला डेंगळे आणते ती थंडी, लेट्यूसचा दांडा उठवतो तो उष्मा. लांबत जाणारा दिवसही त्याला फुलण्याचा इशारा देतो. इथे आपल्याला एक सवलत आहे. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांच्या पुढे जातो, पुण्याचा तेरा तासांच्या थोडाच वर. म्हणजे आपल्याकडे दिवसाची लांबी हा दुय्यम गुन्हेगार आणि तापमान हा मुख्य. त्यातही दुपारच्या उन्हाइतकीच उकाड्याची रात्र महागात पडते. दिवसा कमावलेले अन्न झाड गरम रात्री श्वसनात खर्च करून बसते. मुंबई-कोकणात पारा चाळिशीला क्वचितच पोचतो, तरी मे महिन्यात तिथे लेट्यूस तग धरत नाही, त्याला ही रात्रही जबाबदार आहे.

पण बऱ्याच घरांत पराभव त्याच्याही आधी होतो: बी उगवतच नाही. दुकानदाराने जुने बी दिले, असा समज करून घेतला जातो. खरे कारण बहुधा मातीच्या उष्णतेत असते. लेट्यूसचे ओले बी साधारण २८-३० अंशांच्या पुढे उगवणे थांबवते आणि तशाच गरम ओलीत पडून राहिले, तर नंतर गारवा मिळूनही झोपून राहू शकते. या बियाला उजेडही लागतो. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात लेट्यूसच्याच बियांवर प्रसिद्ध प्रयोग झाला. लाल प्रकाशाने बी उगवते आणि त्याच्या पलीकडच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या दूर-लाल प्रकाशाने ती उगवण रोखली जाते, हे त्यात दिसले. वनस्पतींना प्रकाश ‘ओळखू’ देणाऱ्या फायटोक्रोम या द्रव्याचा शोध त्यातूनच लागला. घरच्या बागेसाठी यातला धडा सोपा आहे. बी खोल पुरू नये, वर चाळलेल्या मातीची चिमूट टाकली तरी पुरे. पेरणी संध्याकाळी करावी, म्हणजे बी पाणी शोषून घेते ते तास रात्रीच्या गारव्यात जातात. फारच उकडत असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेले बी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवून मग पेरावे. रोपांचा ट्रे घरात गार फरशीवर ठेवावा आणि कोंब दिसताच उजेडात न्यावा.

रोप लावल्यावरची कामेही अशीच साधी आहेत. सकाळचे चार तास ऊन आणि अकरानंतर सावली मिळते ती पूर्वेकडची गॅलरी उत्तम. उघड्या गच्चीवर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी, पण रोपांपासून तीन-चार फूट उंच, खालून वारा खेळेल अशी. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी तापलेल्या स्लॅबवर टेकवली, तर मुळे अक्षरशः शिजतात. कुंडीखाली विटा द्याव्यात, बाहेरून चुना फासावा, मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे थर घालावा. लेट्यूसची मुळे वरवरची असतात. आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतण्यापेक्षा रोज सकाळी थोडे द्यावे आणि कडक उन्हात संध्याकाळी बोट घालून ओल पाहावी. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात, त्याला पुष्कळ जण अंड्याची टरफले हा उपाय सांगतात. कॅल्शियमची उणीव हे निदान बरोबर आहे, औषध मात्र चुकीचे. मातीत कॅल्शियम बहुधा असतेच, ते पाण्याबरोबर कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही. ओल एकसारखी ठेवणे आणि नत्राचा मारा टाळणे हा त्यावरचा इलाज. हे पान कच्चे खायचे असल्यामुळे शेणखत पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारेच हवे. ताजे शेण किंवा अर्धवट खत या कुंडीला वर्ज्य.

एवढा खटाटोप एका परदेशी पानासाठी कशाला, असा आक्षेप येईल आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. परंतु कच्चा पाला खाणे आपल्याला परके नाही. मराठवाड्यातला मेथीचा घोळाणा आहे, भाकरीबरोबर चावून खायची कांद्याची पात आहे. शेताच्या बांधावरची पाथरी कितीतरी पिढ्या भाकरीबरोबर कच्चीच खात आल्या आहेत. पाथरी आणि लेट्यूस वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गोतातले, मोडल्यावर दोघांच्याही देठातून पांढरा चीक येतो. शिवाय कच्च्या खायच्या पानावर काय फवारले आणि ते कुठल्या पाण्याने धुतले, याची खात्री घरच्या कुंडीइतकी दुसरीकडे मिळत नाही. तेव्हा लेट्यूस जरूर लावावा. आक्षेप घ्यायचा तर तो हट्टाला घ्यावा. भर मे महिन्यात पंखे, बर्फाचे पाणी आणि यंत्रे लावून चार पाने उगवण्यात बागेचा आनंदही नाही आणि हिशेबही नाही.

ज्यांचा हा मोठा व्यवसाय आहे, तेही असा हट्ट करत नाहीत. अमेरिकेतला बहुतांश लेट्यूस उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या गार सॅलिनस खोऱ्यात पिकतो आणि हिवाळ्यात ॲरिझोनातल्या यूमा या वाळवंटी भागात. ऋतू बदलला की तोडणी आणि पॅकिंगचा कारभार मुलूख बदलतो. यूमात उन्हाळा सरता सरता पेरणी करावी लागते, तेव्हा तुषार सिंचनाने माती गार ठेवून बी उगवून घेतात. एवढे भांडवल हाताशी असलेला उद्योग उष्णतेला वळसा घालून जातो.

आपल्याला मुलूख बदलता येत नाही, तिथी बदलता येते. पुणे-नाशिक पट्ट्यात गणपती उठल्यावर पहिली पेरणी करावी आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी चिमूट-चिमूट बी टाकत जावे. विदर्भ-मराठवाड्यात आणि कोकण-गोव्यात दिवाळीनंतर सुरुवात करून जानेवारीत थांबणे शहाणपणाचे. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचीवर उन्हाळ्याची भीती कमी, तिथे अडवतो तो पाऊस. उष्णता सोसणाऱ्या वाणाचा उपयोग या हंगामाच्या दोन टोकांना आहे: पहिल्या पेरणीला आणि शेवटच्या पेरणीला. मधल्या थंडीत कुठलाही चांगला वाण चालतो. मार्च संपताना दांडा उठू लागला की झाड उपटावे, आणि त्याच कुंडीत तांदुळजा, मायाळू, अंबाडी किंवा घोळ येऊ द्यावी. उन्हाळा सोसण्याचे प्रमाणपत्र या भाज्यांना कुणी छापून दिलेले नाही, पण त्यांनी ते आपल्या परसात दरवर्षी मिळवले आहे.

राहिला प्रश्न पाकिटाचा. त्यावर उगवणशक्तीचा टक्का असतो, शुद्धता असते, मुदत असते. मग किती अंशांपर्यंत बी उगवते आणि कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ इथे ते कोणत्या महिन्यांत पेरावे, या दोन ओळी छापायला बियाणे विकणाऱ्यांना अडचण नसावी. आकड्याविना आणि गावाविना ‘उष्णता सहन करणारा’ हे शब्द म्हणजे अर्धीच माहिती. त्या ओळी छापल्या जाईपर्यंत उरलेली अर्धी ग्राहकाने स्वतः लिहावी. पेरले कधी, उगवले कधी आणि दांडा कोणत्या तारखेला उठला, एवढे तीन आकडे कॅलेंडरवर टिपले, तरी पुढच्या वर्षीची पेरणी चुकणार नाही.