वह्या मिटा, गावाच्या नदीवर या!



तरुणांनो, तुमची फसवणूक झाली आहे, आणि ती शिक्षणाच्या पवित्र नावाने झाली आहे. 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, पर्यावरण हा विषय या देशातील विद्यार्थ्यांना सक्तीने शिकवला जावा. त्याला तीन दशके उलटून गेली. विषय वेळापत्रकात आला, पुस्तकात आला, गुणपत्रिकेतही आला. तुमच्या हाती काय आले? मागच्या वर्षीच्या कुणाची तरी वही, तिच्यावरून उतरवून काढलेली ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ ही पाने, चिकटवलेली चार चित्रे आणि शेवटी तांबड्या शाईची एक सही! ज्या नदीवर तुम्ही वीस पाने लिहिलीत, तिच्या काठी तुम्हाला कोणी एकदा तरी नेले काय? ज्या डोंगराच्या पायथ्याशी तुमचे महाविद्यालय उभे आहे, त्यावरच्या दहा झाडांची नावे तुम्हाला कोणी विचारली काय? ज्यावर तुमचे आणि तुमच्या लेकराबाळांचे जगणे अवलंबून आहे, ते नक्कल करून उरकून टाकायचे असते, हाच संस्कार तुमच्यावर झाला. हा तुमच्या बुद्धीचा अपमान आहे. तो तुम्ही कुठवर गिळणार?

या अज्ञानाची किंमत आपण माणसांच्या प्राणांनी मोजली आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भराव टाकून आवळलेली मिठी नदी आपली जागा मागत मुंबईच्या घराघरांत शिरली. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. 2021 मध्ये महाडजवळचे तळिये गेले, 2023 मध्ये इर्शाळवाडी गेली. प्रत्येक वेळी आपण अश्रू ढाळले, प्रत्येक वेळी दैवाला दोष दिला. पण डोंगर अनेकदा सूचना देऊन खचतो! उतारावर भेगा पडतात, झाडे आणि खांब कलू लागतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा भलत्याच ठिकाणी फुटते. सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक शाळेत ही लक्षणे पाढ्यांसारखी पाठ असायला हवी होती. ती शिकवली गेली नाहीत. ज्ञान ग्रंथालयांत आणि अहवालांत सुरक्षित राहिले, माणसे मात्र दरडीखाली असुरक्षित राहिली.

हे दुखणे आजचे नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा परक्या सरकारच्या जंगलखात्याने शेतकऱ्याची गायराने आणि डोंगर कसे हिरावून घेतले, हे त्यांनी संतापाने मांडले. डोंगरावरून वाहून जाणारे पाणी बांधबंदिस्तीने शेतात मुरवावे, ही सूचनाही त्यांनी त्याच ग्रंथात केली. माती, पाणी आणि जंगल यांचा प्रश्न हा शूद्रातिशूद्रांच्या भाकरीचा प्रश्न आहे आणि सर्व अनर्थांच्या मुळाशी अविद्या आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज तुम्ही शाळा शिकलात, पदव्या घेतल्यात. मग आपल्याच मातीविषयीची ही अविद्या तुमच्या वाट्याला का यावी?

1976 साली राज्यघटनेत अनुच्छेद 51 क आला. वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीवसृष्टी यांचे रक्षण करणे, त्यांची स्थिती सुधारणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे त्याने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ज्याला नदी ओळखताच येत नाही, त्याने तिचे रक्षण कसे करावे? कर्तव्य सांगणाऱ्याने त्याचे ज्ञानही दिले पाहिजे. आणि ते कोणी देत नसेल, तर स्वाभिमानी तरुणाने ते स्वतः मिळवले पाहिजे!

मिळवता येते, हे गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने सिद्ध केले आहे. तिथल्या माणसांनी अभ्यासगट बसवले, कायदे समजून घेतले, जंगलाची स्वतः मोजदाद केली, आणि एकमत होईपर्यंत चर्चा करून निर्णय घेतले. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क त्यांच्या ग्रामसभेला मिळाला, आणि 2011 मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही. त्यांनी भीक मागितली नाही. त्यांनी अभ्यास केला आणि हक्क घेतला. माझ्या मते महाराष्ट्रातले सर्वांत मोठे पर्यावरण-विद्यालय तेच आहे, आणि त्याला ना इमारत आहे, ना फी.

तुमच्याच वयाच्या मुलांचे उदाहरण हवे आहे? ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईतल्या आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी रात्री करवती चालल्या, विरोध करणारे तरुण गजाआड गेले. तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच जनहित याचिका मानले आणि 7 ऑक्टोबरला वृक्षतोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे भुईसपाट झाली होती, हे दुःख विसरण्यासारखे नाही. म्हणूनच करवत चालण्याच्या आधी जागे असणारे तरुण आपल्याला हवे आहेत.

आधी जागे राहायचे म्हणजे काय करायचे? तुमच्या तालुक्यात खाण येते, कारखाना येतो, तेव्हा अशा अनेक प्रकल्पांना परवानगीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो सारांश तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? तुमचे आईबाप सुनावणीच्या मंडपात मागच्या रांगेत मुकाट बसतात, कारण पुढे बोलले जाते ते त्यांना कळू दिले जात नाही. तो कागद वाचा, चावडीवर समजावून सांगा, त्यातल्या चुका नोंदवा, लेखी हरकती घ्या. एकट्याने विचारलेला प्रश्न दडपता येतो. साऱ्या वर्गाने, साऱ्या गावाने एका आवाजात विचारलेला प्रश्न कोण दडपील?

2002 च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांशी बोलून जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे सांगितले आहे. ओढ्यातले मासे, बांधावरचे औषधी पाले, आजीने जपलेले भाताचे वाण, देवराईतले वृक्ष हे सारे त्या वहीत लिहायचे आहे. अनेक गावांत मुदत गाठण्यासाठी ती घाईघाईने भरली गेली, गावकऱ्यांना तिचे दर्शनही झाले नाही. ती वही तुमची आहे! तुमच्या पर्यावरणाच्या प्रकल्पाला याहून योग्य विषय कोणता असेल? प्राध्यापकांना विनंती करा, आग्रह धरा, हट्ट धरा : आम्हाला नकलेचे गुण नकोत, आमच्या गावाची वही आम्ही पूर्ण करतो. धनगराकडे जा, कोळ्याकडे जा, कातकऱ्याकडे जा, त्यांच्यापाशी शिष्य म्हणून बसा. ज्यांना या समाजाने अडाणी म्हटले, ते या विद्येचे आचार्य आहेत.

येत्या ग्रामसभेला, शहरात असाल तर महापालिकेच्या दारी, एकटे जाऊ नका. वर्गच्या वर्ग घेऊन जा. लेखी अर्ज द्या : आमच्या गावाची जैवविविधता नोंदवही आम्हाला दाखवा. ती नसेल तर करायला लावा. असेल तर सर्वांसमक्ष पहिल्या पानापासून मोठ्याने वाचा, आणि जे खोटे असेल, जे राहून गेले असेल, ते तिथेच दुरुस्त करून घ्या.