झोळीतील एक रात्र

नाताळ आटोपला की आपल्या गावांतील तरुणांस रानात रात्र काढण्याची हौस येते. हल्ली त्यात एक नवी भर पडली आहे. जमिनीवर अंथरूण न घालता दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधून तीत निजावयाचे. तिला हॅमक म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. 1492 साली कोलंबसाने तेथील माणसे अशा झोळ्यांत निजलेली पाहिली. आपणांस मात्र हिचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. शेतात राबणाऱ्या आयांनी आपली लेकरे अशीच आंब्याच्या फांदीला टांगली आहेत.

2022 च्या जानेवारीत आम्ही चार जुने मित्र खानापूरजवळ एका स्नेह्याच्या शेतात असे निजलो. (वनखात्याच्या हद्दीत परवानगीवाचून जाऊ नये, हे सांगावयास नकोच.) झाडे जाड व जिवंत पाहून निवडली, वर वाळकी फांदी नाही ना, हेही पाहिले. दोर ताणून बांधण्याचा मोह मात्र आवरावा लागला. दोर आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर साठ किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरावर साठ किलोंचाच ताण येतो. तोच कोन 10 अंशांवर आणला की ताण एकशे सत्तरांच्या घरात जातो. निजावयाचे ते थोडे तिरपे, म्हणजे पाठीची कमान होत नाही.

चूक झाली ती जागेत आणि अंथरुणात. आम्ही नाल्याकाठची सखल जागा निवडली. रात्री थंड हवा जड होऊन अशाच जागी उतरते. शिवाय अंगाखालची गोधडी वजनाने दबली की तिच्यातील हवा निघून जाते आणि ऊब राहत नाही. वारा तर खालूनच वाहतो. मध्यरात्रीपर्यंत सर्वांच्या पाठी गारठल्या.

दोनच्या सुमारास आमच्यातील एकाच्या दातांचा आवाज ऐकू आला. त्याला उठविले, तर त्याचे बोलणे अडखळत होते व झोळीची गाठही सुटेना. त्याने एक चादरच आणली होती, तीही दवाने ओलसर. आणि “मला थंडी वाजते” असे म्हणावयाची त्याला लाज वाटली होती! शरीर थंड पडण्यास बर्फ लागत नाही. दहा-बारा अंशांची हवा, ओले कपडे आणि वारा एवढे पुरते. अंगात ऊब न येताच कापरे थांबले, तर प्रकरण अधिक गंभीर समजून इस्पितळ गाठावे.

आम्ही त्याचे ओले कपडे काढले, कोरडे घातले, घोंगडीत गुंडाळले आणि दोघे दोन बाजूंस चिकटून बसलो. तो नीट गिळू शकतो असे पाहून गोड गरम चहा घोट घोट दिला. एका मित्राने पिशवीतून ब्रँडी काढली, ती मी परत ठेवावयास लावली. ब्रँडीने ऊब वाटते खरी, पण रक्त कातडीकडे धावते आणि उष्णता बाहेर जाते. (ती बाटली नाताळातून कशी उरली, हे मी विचारले नाही.) उजाडेपर्यंत त्याची वाणी पूर्ववत झाली.

पुढील हिवाळ्यात तो दोन गोधड्या घेऊन आला. त्यांतील एकीच्या टोकांस त्याच्या पत्नीने नाड्या शिवल्या होत्या. ती त्याने झोळीच्या बाहेरून, खाली न दबेल अशी सैल टांगली व उंचवट्यावरील झाडे निवडून निजला. त्या रात्री घोरण्याने आम्हां तिघांस झोप आली नाही.